एडनामावशींची आंबट द्राक्षं

गोराईच्या एडनामावशी दारातल्या वेलीची द्राक्षं आंबट असतानाच तोडायच्या. "पूर्ण पिकली की वाईनला फेस येत नाही," असं त्या ठामपणे सांगत. त्यांच्या लेकीचं, ल्युसीचं लग्न ठरलं तेव्हा दारूबंदी होती, म्हणून वाईनच्या बाटल्या त्यांनी विहिरीत सोडल्या. नेमका लग्नाच्या आदल्या दिवशी हवालदार दारात येऊन बसला.

"आता सरबतावरच टोस्ट कर गं," भाऊ क्लेमेंट म्हणाला.

"गप रे! बँडवाल्यांना बोलाव."

रीतीप्रमाणे बायका वाजतगाजत विहिरीवर उंबराचं पाणी, म्हणजे नवरीच्या न्हाणाचं पाणी, आणायला गेल्या. परतताना पुढे मावशीच होत्या. डोक्यावरच्या हंड्यात पाणी होतं आणि पाण्याखाली बाटल्या.

"हवालदारसाहेब, लग्नाचं पाणी आहे. वाट द्या."

तो अदबीनं उठला. दुसऱ्या दिवशी ल्युसीच्या ग्लासात फेस काठापर्यंत आला.