कलमांवरची मच्छरदाणी

बोरगावात संत्र्याला बहार आला की लोकांना तो वास गोड लागतो. मी खिडकी लावून घेते.

बाबा अभयारण्यात चौकीदार होते. जंगलातल्या कॅम्पवर झोपायला त्यांना औषध लावलेली मच्छरदाणी मिळाली होती. ती त्यांनी घरी आणली आणि संत्र्याच्या नव्या कलमांवर पसरली. "औषधाची आहे, अळी नाही लागणार," म्हणाले होते.

मग सौंसरच्या दवाखान्यातली ती दुपार. मलेरियाचा ताप बाबांच्या डोक्यात गेला होता. खाट हलावी इतके ते कापत होते. त्यांच्यासोबतचे चौकीदार आईला म्हणाले, "वहिनी, तिकडं मच्छर लय आहेत. अन् भाऊ उघडेच झोपून राहिले होते."

आई तडक बोरगावला गेली, कलमांवरची मच्छरदाणी ओढून घेऊन आली आणि बाबांच्या खाटेला बांधायला लागली. जाळीला चिखल होता, संत्र्याची पानं अडकलेली होती.

"बाई, आता काय उपयोग?" नर्स म्हणाली. आई गाठी मारतच राहिली. मला तेव्हा तिची लाज वाटली होती. आज कळतं, तिच्या हातांना करण्यासारखं दुसरं काही उरलंच नव्हतं.

बाबांनी डोळे उघडले, वर जाळीकडे पाहिलं.

"ही इथं काऊन आणली? कलमा उघड्या पडल्या ना. जाय, झाकून ये."

त्यानंतर ते कधीच बोलले नाहीत. आई खाटेजवळून हलली नाही.

कलमं उघड्यावरही जगली.