फायलीची जन्मतारीख आणि माझं नाव

मंडळी, जेवलात का? मी अजून हसतेय.

माझी नात सायली कॉम्प्युटर शिकते. फायल कधी बनली ते सांगणारा प्रोग्राम तिला आज कॉलेजात पाठवायचा होता. पेनड्राइव्हमधून स्वतःच्या बारशाचे फोटो लॅपटॉपात घेतले, तर प्रोग्राम म्हणतो, आजच बनले! पोरगी सकाळपासून तिथंच अडकलेली. चहा गार झाला. मला पण उठू देईना. "आजी, बस गो इथंच."

शेवटी तिने मैत्रिणीला फोन लावला. ती म्हणाली, "प्रोग्राम बरोबर हाय. कॉपी केलेल्या फायलीला नव्या कॉम्प्युटरात नवी तारीख लागते."

मी म्हटलं, "अगो, माझंच झालं हे! कुडपणची मी लग्न होऊन वरंधला आले, त्याच दिवशी सुलोचना झाले. तेव्हापासून त्याच नावात अडकलेय. आधीची मी इथं कोणाला ठावकीच नाय."

सायलीने प्रोग्राम पाठवला आणि माझ्याकडे वळली. "आजी, आधीचं नाव काय गो तुझं?"

सासरी हे मला कोणी विचारलंच नव्हतं. "भागीरथी," मी म्हटलं.

आता ती घरभर भागीरथी, भागीरथी ओरडत फिरतेय आणि मी दर वेळी ओ देतेय.

बायांनो, तुमचं माहेरचं नाव काय? खाली लिवा. मी त्याच नावाने हाक मारीन.