दारावरचा सात

केसांत क्लिपऐवजी बारीक कामाचा चिमटा खोचायची. बोलताना समोरच्याच्या दातांकडे बघायची. चहाचा कप डाव्या हाताला, पाण्याची बशी उजव्या हाताला. एकदा अदलाबदल झाली आणि खेळण्याएवढ्या विमानाच्या शेपटावर चिकटवायची निळी पट्टी ती चहाबरोबर पिऊन गेली. "पचेल," म्हणाली. घरात मोज्यांवर घसरत चालायची. आणि डेकल, म्हणजे असं चिकटवायचं चित्र, पाण्यात असताना कधीच उठायची नाही. दाराची बेल वाजली तरी नाही.

आम्ही मैत्रिणी तिला चिमटी म्हणायचो. पुढे तिचे बाबाही म्हणायला लागले.

चिमटी खोटे दात बनवायच्या कारखान्यात कामाला होती. घरी आली की खिडकीजवळच्या टेबलावर छोट्या गाड्या नि विमानं जुळवायची. "दात काय नि गाडी काय, फार चकाकलं की खोटं दिसतं," असं तिचं म्हणणं. मी साहित्य शिकलेली, त्यामुळे ती मला काही करू द्यायची नाही. "तू फक्त वर्णन कर."

बाबा आगीच्या बंबावर ड्रायव्हर. ते निवृत्त होणार होते आणि त्यांचा बंबही भंगारात जाणार होता. त्या बंबाची दारं कधीतरी बदलली होती. नव्या दारांवरचा सातचा आकडा बाबांनी स्वतः रंगवला, तो दोन्हीकडे मागे रेलला. "गाडी सरळ चालवता, आकडा मात्र झोपाळू," असं सगळे चिडवायचे. बाबा म्हणायचे, "दमलाय बिचारा. आगीवरून आलाय."

निरोपाच्या दिवशी त्यांच्या हातात तो बंब ठेवायचा, तळहाताएवढा, असं चिमटीने ठरवलं होतं. बाबांना कळू द्यायचं नव्हतं. ते ड्युटीवर असतानाच टेबलावर पसारा निघायचा.

सातचं डेकल तिने छापून घेतलं होतं. पातळ चित्र, कागदावर चिकटलेलं. कोमट पाण्यात भिजलं की सुटतं, मग कुंचल्याने सरकवून जागेवर बसवायचं. उजव्या दारावरचा सात तिने बसवला, पुसला, पुन्हा नवा बसवला. मला कळेना.

"नीट तर बसलाय."

"तेच तर. सरळ बसतोय. हाताला सवय नाही ना वाकडं लावायची."

शेवटी बसला. बाबांच्यासारखाच, मागे रेललेला. ती खुर्चीत तशीच रेलून बसली. "बघ, दमला."

निरोप दुसऱ्या दिवशी होता. डावं दार तेवढं राहिलं होतं. तिने दुसरा सात बशीत सोडला आणि खाली फाटकाशी बाबांचा खोकला ऐकू आला.

"आज लवकर कसे आले हे?" ती उठली.

"डेकल पाण्यात आहे," मी म्हणाले.

"म्हणून तर तुला बसवतेय. त्यांना दुकानात पिटाळून आलेच. सुटला तरी हात लावू नकोस."

ती मोज्यांवरच धावली. जिन्यातून तिचा आवाज आला, हसरा. "बाबा, वर नाही यायचं, तिथेच थांबा."

मी बशीकडे बघत होते. सात कागदावरून हळूच सुटला. मी तिला हाक मारायला तोंड उघडलं. तेव्हाच जिन्यात काहीतरी पडलं. जड. मग बाबांचा आवाज, "चिमटे." मग पुन्हा तोच शब्द.

जिन्याच्या वळणावर तिचं डोकं बाबांच्या मांडीवर होतं. केसांतला चिमटा तसाच होता. डॉक्टरांनी पुढे जे सांगितलं ते मी ऐकलं. अजून कळलेलं नाही.

निरोप झाला नाही. तिचे दिवस झाल्यावर मी गेले. बाबा तिच्या टेबलाशी बसले होते. बशीतलं पाणी उडून गेलं होतं. सात तळाला वाळून चिकटला होता. बंब त्यांच्या समोर होता.

"माझ्यासाठी करत होती?"

"हो."

"आणि मी लवकर आलो. निरोपाच्या सदऱ्याला इस्त्री करायची होती."

त्यांनी बंब खिडकीकडे धरला. उजवं दार बराच वेळ पाहिलं.

"हा तर माझाच."

मग बंब फिरवला. डेकलच्या पाकिटात आणखी एक सात शिल्लक होता. मी तो पुढे केला.

"तुला येतं?"

"नाही."

"मलाही कुठे."

तरी त्यांनी चिमटा उचलला. आकडा कागदासकट डाव्या दारासमोर धरला, थोडा मागे रेलवला. मी बशी धुवायला घेतली, तर म्हणाले, "राहू दे."

चिमटा त्यांनी जागेवर ठेवला. डावं दार नुसतं लाल आहे.