जाईबाईचं लॅव्हेंडर

वरळी कोळीवाड्यातली जाईबाई सकाळी मासळी विकायची आणि पाटी रिकामी झाली की बीडीडी चाळींत बाळ-बाळंतिणींना तेल लावायला जायची. मधे ती हात धुवायची. आधी राखेने, मग चिंचेने, मग साबणाने. तरी वास पुरता जात नसे.

दादरच्या पारशी कॉलनीत एक म्हाताऱ्या बाई होत्या. जाईबाई त्यांचे गुडघे चोळून द्यायची. एकदा त्या म्हणाल्या, "हात सोन्याचा हाय तुझा जाई, पन मला वाटते पापलेटच मालिश करते." आणि कपाटातून त्यांनी तपकिरी काचेची एक लहान बाटली काढून दिली. लॅव्हेंडरचं तेल, थंड मुलखातल्या जांभळ्या फुलांतून वाफेवर काढलेलं. डोकं दुखलं तर कपाळाला, झोप येत नसेल तर खोबरेलात दोन-तीन थेंब घालून तळव्यांना, जरासं भाजलं तर आधी भरपूर थंड पाणी आणि मग हे. पोटात घ्यायचं नाही, तान्ह्या बाळाला लावायचं नाही. एवढं बाईंनी दोनदा बजावलं.

जाईबाईला राग आला होता, पण बाटली तिने घेतली. स्वतःच्या हाताला मात्र ते तेल कधी लावलं नाही. "मासळी विकते तर वास मासळीचाच येणार," ती म्हणायची. कोळीवाड्यात कुणाला तवा लागला, कुणाचं कपाळ ठणकलं, की थेंबभर बाहेर निघे.

अठ्ठावन्न साली ती शेवंताकडे जाऊ लागली. शेवंताचं दुसरं बाळंतपण होतं. खोली एकच. भिंतीवर बुद्धाची तसबीर, दोन वर्षांपूर्वी दीक्षा घेतली तेव्हा लावलेली. कोळीवाड्यातल्या काही बाया अशा घरी पाणी पीत नसत. जाईबाई चहा मागून घ्यायची.

शेवंताचा नवरा लहू गिरणीत साचेखात्यात, मागावर, रात्रपाळीला होता. दिवसा झोपायचं, पण झोप येत नव्हती. छप्पनच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर झालेल्या गोळीबारात त्याच्या शेजारचा माणूस पडला होता. तेव्हापासून खाली कुणी डबा आपटला तरी तो उठून बसे. आता त्यात बाळाचं रडणं.

"परवा साच्यावर उभ्या उभ्या डोळा लागला ह्यांचा," शेवंता म्हणाली. "मागाचा धोटा सुटून कानाजवळून गेला. त्यांचा मुकादम, जॉबर, म्हणाला, पुन्हा झालं तर घरी बस."

"आधी का नाय बोललीस गो?" जाईबाई म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी बाटली घेऊन आली.

अंगाला लावायचं तेल कोमट करायचं, हे तिच्या हातांना तीस वर्षांचं वळण. तिने वाटीत खोबरेल घेतलं, त्यात थेंब टाकले, जरा जास्तच टाकले, आणि वाटी स्टोव्हवर ठेवली. घमघमाट गॅलरीत गेला. शेजारची गुणवंती दारात येऊन म्हणाली, "काय गं शेवंता, नवाब उतरलाय का तुझ्याकडे?" तिच्यामागे आणखी दोघी आल्या. अंथरुणावर पडलेला लहू उठून बसला. वाटीतल्या तेलाला आता जेमतेम वास उरला होता.

जाईबाईने वाटी हुंगली. "मीच जाळलं," ती म्हणाली. बाटली उजेडात धरून पाहिली; तळाशी थोडं होतं. तिने बायांना घालवलं, स्टोव्ह विझवला, नवं खोबरेल नुसतं कोमट करून खाली उतरवलं, बोट बुडवून पाहिलं आणि मगच दोन थेंब टाकले.

"पाय दे इकडं."

"मावशी, मला कशाला? मी काय बाळंतीण आहे?" लहू संकोचला.

"जागा तर तसाच रातचा. दे."

तिने तळवे चोळले, मग कानशिलं. स्टोव्ह बंद होता, शेवंता बाळाला घेऊन गॅलरीत बसली होती. लहू पाळीवर जायच्या वेळेपर्यंत झोपला. शेवंताला त्याला हलवून उठवावं लागलं.

जाईबाई मग रोज आधी त्याचे पाय धरायची, नंतर बाळंतिणीकडे वळायची. खाली डबे आपटतच होते. लहू कधी दचकायचा, पण कूस बदलून पुन्हा झोपायचा. जॉबरचं बोलणं थांबलं.

दिवाळीच्या सुमारास बाटली संपली. पारशी बाई मुलीकडे कराचीला गेल्या होत्या आणि तसली बाटली कुठल्या दुकानात मागायची हे जाईबाईला ठाऊक नव्हतं. तिने लपवलं नाही.

"आज नुसतं खोबरेल, लहू."

जागरणाची धास्ती त्याच्या तोंडावर दिसत होती. त्याने पाय पुढे केले. जाईबाईने रोजच्यासारखे तळवे चोळले, कानशिलं चोळली. आज तिच्या हातांना तिचा स्वतःचाच वास होता.

"मावशी," तो डोळे मिटूनच म्हणाला, "आज बोंबील होते?"

"मांदेली."

"हं," लहू म्हणाला, आणि भिंतीकडे वळला. थोड्या वेळाने शेवंताने बाळाला उचललं आणि पावलं न वाजवता ती गॅलरीत गेली.