पोळ्या वाढणारी मुलगी

आम्ही दोघी एकाच दिवशी त्या सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. ती यवतमाळकडची, कर्वेनगरला तीन मुलींबरोबर खोली घेऊन राहणारी. मी शनिवार पेठेतली, आईच्या हातचा डबा घेऊन कंपनीच्या बसला उभी राहणारी. वाय टू केची धामधूम होती. जुन्या प्रोग्रॅममधली दोन आकडी सालं शोधून ती चार आकडी करायची, हे आमचं काम. काम कंटाळवाणं होतं, पण मला ते फार चांगलं जमायचं. हे मी नम्रपणे सांगत नाही, कारण नम्रतेने माझं नुकसानच झालं आहे.

आमच्या घरात काम बोलतं, माणूस नाही. वडील एकाच बँकेत एकाच टेबलाशी निवृत्त झाले आणि त्यांना त्याचा अभिमान होता. ओळख करून दिल्याशिवाय मी कोणाशी बोलत नसे. जेवायच्या सुट्टीत माझी खुर्ची ठरलेली, डबा ठरलेला.

ती रोज वेगळ्या टेबलावर जेवायची. आज टेस्टिंगच्या लोकांत, उद्या अकाउंट्सवाल्यांत, परवा थेट साहेबांच्या शेजारी, त्यांच्याच डब्यातली भाजी मागत. गेटवरच्या वॉचमनच्या मुलीची दहावी, रिसेप्शनवालीचं जमत आलेलं लग्न, सगळं तिला ठाऊक. चहाला गेली की अर्धा तास गायब. परत आल्यावर मला म्हणायची, "तू काऊन नाही आली? अमेरिकेच्या प्रोजेक्टचं बोलून राहिले होते सारे." मी म्हणायची, "मला काम होतं." ते तिला लागायला हवं होतं. लागलं नाही. तिने माझ्या डब्यातली बटाट्याची काचरी उचलली आणि ती गेली.

मला तिचा हेवा वाटायचा, आणि सर्वांत जास्त या गोष्टीचा की ती ढोंगी नव्हती. ढोंगी असती तर मी निवांत झोपले असते.

त्या गणपतीत अमेरिकेहून क्लायंटचा मॅनेजर आठवडाभरासाठी आला. त्याच्या ऑफिसात एक जागा होती. वर्षभरासाठी ऑनसाइट, आणि तिथे गेलेल्याचं पुढचं सगळंच मार्गी लागतं, हे सगळ्यांना माहीत होतं. ती जागा आम्हा दोघींपैकी एकीला मिळणार, हेही माहीत होतं. मला ती इतकी हवी होती की मी आईला न सांगता लक्ष्मी रोडवर जाऊन कोट बघून आले होते.

एका दुपारी खाली ढोलाचा सराव चालला होता. तो ऐकून मॅनेजरने विचारलं, घरातला गणपती कसा असतो? साहेब काही बोलायच्या आत ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हिच्या घरी चला ना! उद्या गौरीजेवण आहे, पुरणपोळी असते."

दुसऱ्याच्या घरचं आमंत्रण परस्पर देणारा माणूस आमच्या पेठेने तोवर पाहिला नव्हता. पण मला राग आला नाही. उलट मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. माझं घर, माझी आई, माझ्या घरची गौर. आता बघ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तो, साहेब आणि ती असे तिघे जेवायला आले. वडिलांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि बँकेत पत्र लिहायचे तशा इंग्रजीत त्यांनी स्वागत केलं. पाहुण्यासाठी खुर्ची मांडली होती. ती म्हणाली, "छे, खाली बसू दे त्याला, मजा येईल." तो बसला. त्याला मजा आली.

आमच्याकडे पोळी तव्यावरून थेट पानात पडते. थंड पोळी वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. आई लाटायची आणि भाजायची, घरच्या मुलीने नेऊन वाढायची. घरच्यांनी पाहुण्यांबरोबर जेवायला बसायचं नाही, पंगत उठल्यावर बसायचं. मी लहानपणापासून हेच करत आले होते. त्या दिवशी त्यात काही चुकतंय, असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी पोळी घेऊन गेले, तेव्हा ती त्याला कटाची आमटी समजावून सांगत होती. दुसरी घेऊन गेले, तर तो आपल्या आजीच्या स्वयंपाकाबद्दल सांगत होता. तिसऱ्या वेळी ती त्याच्या पोळीवर तूप ओतत म्हणाली, "आमच्याकडे बुडवून खातात," आणि साहेब इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी पाणी आणायला धावले. परत आले तर तो तिला विचारत होता, पुढच्या काही वर्षांत तुला काय करायचंय? उत्तर काय दिलं ते मला कळलं नाही. तव्यावर पोळी होती.

निघताना त्याने गौरीपुढे फोटो काढायचा म्हटलं. आई, वडील, साहेब, तो आणि ती उभे राहिले. कॅमेरा त्याने माझ्या हातात दिला. जवळ मीच होते.

पुढच्या सोमवारी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "काम तुझंच सरस आहे," ते म्हणाले, "पण क्लायंट तिच्याशी कम्फर्टेबल आहे." मी जळले. वाईट वाटलं, खंत वाटली वगैरे सभ्य शब्द मला वापरायचे नाहीत. मी जळले. माझ्या घरात, माझ्या आईच्या पोळ्या खाऊन, माझ्या घरचं तूप ओतून तिने ती जागा मिळवली होती. आणि तिने काहीच वाईट केलं नव्हतं. ती फक्त जेवली होती.

जाण्यापूर्वी ती आईच्या पाया पडायला आली. आईने तिला मेतकूट आणि गोडा मसाला बांधून दिला. तिथून दर रविवारी तिचा फोन यायचा. मी उचलला की दोन मिनिटं माझ्याशी बोलायची, मग "काकूंना दे ना." आईचा गुडघा दुखतो, हे मला तिच्याकडून कळलं.

पुढच्या वर्षी गौरी बसल्या त्याच दिवशी तिचा फोन आला. तिथे आणखी एक जागा निघाली होती. "मी तुझं नाव सांगितलं त्याला," ती म्हणाली. "त्याला आठवेना. मग म्हटलं, अरे, गरम पोळ्या वाढत होती ना, ती मुलगी. लगेच हो म्हणाला."

मी रात्रंदिवस घासून दुरुस्त केलेले ते सगळे प्रोग्रॅम कुठल्या कुठे गेले. मी गेले, अर्थात गेले. कोटही घेतला.

पहिल्या दिवशी तीच मला त्याच्या केबिनमध्ये घेऊन गेली. त्याच्या टेबलावर तो फोटो चौकटीत ठेवलेला होता. त्याने मोठ्या प्रेमाने तो उचलून मला दाखवला. आईवर बोट ठेवलं, मग तिच्यावर, आणि म्हणाला, हिची आई कमालीची बाई आहे.

"ती माझी आई आहे," मी म्हटलं.

तो गोंधळला. फोटो डोळ्यांजवळ नेऊन एकेक चेहरा पाहू लागला. "मग यात तू कुठे आहेस?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात ती हसून म्हणाली, "तिनेच तर काढलाय!" तोही मोकळेपणाने हसला आणि त्याने माझ्याशी हात मिळवला.

निदान ते उत्तर तरी मला द्यायचं होतं.