बिनसहीचा कागद

रिकामी पिशवी घेऊन घरातून निघायचं आणि रिकामीच घेऊन परत यायचं, असं मी नऊ वर्षं केलं. बायको म्हणायची, "भाजी आणायला जाता की भाजीवालीला बघायला?" मी चिडायचो. चिडण्याशिवाय मला दुसरं काही सांगता येत नव्हतं, कारण तशी शपथ होती.

उस्मानपुऱ्यात एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या महाराजांची बैठक भरायची. रविवारी, भर दुपारी, शहर जेवून आडवं झालं की. जिन्याखाली चपला दिसल्या तर लोक मोजतात, म्हणून प्रत्येकानं आपल्या चपला पिशवीत घालून वर न्यायच्या, असा नियम. महाराज खिडकीकडे पाठ करून बसायचे. त्यांची तसबीर कुणाच्या घरी नव्हती, त्यांचं नाव बाहेर घ्यायचं नाही. वर येणारी माणसं मात्र अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक असलेली. कुणाची बदली कुठं, कुणाला तिकीट, कुणाची फाईल कुठं अडली, हे खाली कळायच्या आधी वर ठरलेलं असायचं, आणि तेही आरतीनंतर शिरा खाता खाता.

मला भक्तीबिक्ती काही नव्हती. मी एका शिक्षणसंस्थेच्या शाळेत हंगामी शिक्षक होतो आणि मला कायम व्हायचं होतं. संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे साहेब म्हणायचो, ते बैठकीतले मोठे साधक आणि पक्षातलं मोठं प्रस्थ. एका सहकाऱ्यानं कानात सांगितलं, "वर यायला लाग." गेलो. पादुकांवर हात ठेवून शपथ घेतली, की वरचं खाली सांगणार नाही, बायकोलाही नाही. जूनमध्ये कायमपणाची ऑर्डर हातात पडली.

बैठकीची एक रीत होती, ती मी दुसरीकडे कुठं पाहिली नाही. आषाढी अमावास्येला, म्हणजे बाकीचं शहर गटारीच्या तयारीत असताना, आम्ही माफीचा दिवस पाळायचो. प्रत्येकानं वर्षातलं एक पाप कागदावर लिहायचं. नाव नाही, सही नाही. घडी करून तांब्याच्या कळशीत टाकायची. महाराज कळशी हलवायचे, मग प्रत्येकानं एक कागद काढून मोठ्यानं वाचायचा. सगळ्यांनी एका सुरात म्हणायचं, "माफ केलं." आणि कागद धुनीत. स्वतःचाच कागद हाताला लागला तरी चेहरा न हलवता वाचायचा. पापं बहुतेक किरकोळ असत. कुणी भावाचा बांध कोरला, कुणी चोरून अंडी खाल्ली. मला तर हसू दाबावं लागायचं.

एके वर्षी आमच्या शाळेत दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर फुटले. साहेबांचा मुलगा त्याच वर्गात होता. पेपरांच्या कपाटाची किल्ली शिपाई मामांकडे असायची. हे मामा फुलंब्रीहून रोज पहिल्या एसटीनं येऊन शाळा उघडायचे. मी नवा होतो तेव्हा कुठल्या वर्गात पावसात फळा पाझरतो आणि कुठले सर उसना खडू परत देत नाहीत, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. चार दिवसांत त्यांना कामावरून काढलं. नुसतं काढलं नाही. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या पोरांसमोर उभं करून साहेबांनी अर्धा तास चारित्र्यावर भाषण केलं. मामा खाली बघत उभे होते. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो. जाताना ते मला एवढंच म्हणाले, "सर, म्या कपाटाला हात बी लावला नाय. साहेबांनी किल्ली मागितली, म्या दिली."

मी म्हणालो, "बघू." हे "बघू" मी आयुष्यात फार वापरलं.

त्या आषाढात माझ्या हाताला जो कागद लागला, त्याची घडी उघडताच मी अक्षर ओळखलं. साहेबांचं शिक्षण निजामाच्या काळातलं, सगळं उर्दूतून. पोलीस ॲक्शननंतर, मिसरूड फुटल्यावर ते मराठी लिहायला शिकले. त्यामुळं त्यांच्या अक्षरांवर रेघ नसायची, अक्षरं मागं रेललेली आणि ओळ वर चढत गेलेली. आमच्या रजेच्या प्रत्येक अर्जावर ते अक्षर असायचं. बैठकीत रजेच्या अर्जावरचे त्यांचे शेरे वाचणारा मास्तरही बसलेला आहे, हे साहेबांच्या ध्यानात कसं आलं नाही, देव जाणे. की आलं होतं आणि त्यांना माझी भीतीच नव्हती?

मी वाचलं, "लेकरापायी एका गरिबावर आळ घातला. त्याची रोजी गेली."

"माफ केलं," सगळे म्हणाले. साहेबांचा आवाज सगळ्यांत खणखणीत. कागद धुनीत गेला. मग शिरा आला, साहेबांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. दिवाळीनंतर मला पर्यवेक्षक केलं. मी मागितलं नव्हतं, पण नको असंही म्हणालो नाही.

त्याच हिवाळ्यात मामा मला स्टँडवर भेटले. गावात त्यांना पेपरफोड्या म्हणायला लागले होते. मुलीची सोयरीक जुळत आली होती आणि मुलाकडचे मागं सरले होते. "सर, तुमी येकदा पावण्यांना सांगा, मी तसला माणूस नाय म्हणून. शिकल्या माणसाचं ऐकतेत." मी येतो म्हणालो आणि गेलो नाही. ते स्थळ मोडलं. नंतर मुलीला कुठंतरी दिली, बिजवराला.

पुढच्या माफीच्या दिवशी मी लिहिलं, "मला खरं माहीत आहे आणि मी गप्प आहे." खालच्या कापडवाल्यानं तो कागद काढला आणि कापडाचा भाव सांगावा तसा वाचला. "माफ केलं," सगळे म्हणाले. मीही म्हणालो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला हलकं वाटलं. त्या हलकं वाटण्याची मला आजही किळस येते. त्यानंतर मी बैठकीला जाणं सोडलं, तब्येतीचं कारण सांगून.

आता साहेब नाहीत. त्यांच्या नावाचा चौक आहे. महाराजांचं काय झालं कुणाला माहीत नाही. मी निवृत्त झालो, पण एका जागी बसवत नाही. पेपर वाचताना पाय हलत राहतो, फिरायला निघालो की अर्ध्यातून परत येतो. शेवटी एक दिवस एसटी धरली आणि फुलंब्रीला गेलो. मामा ओसरीवर मुगाच्या शेंगा सोलत बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, शपथ मोडून.

ते सोलायचे थांबले नाहीत. "म्हंजी तुमाला ठावं व्हतं."

"हो."

"आन् तितं समद्यांनी माफ बी केलं."

"हो, मामा."

मामा उठून आत गेले आणि वहीचं एक कोरं पान फाडून घेऊन आले. "हे सगळं यावर लिवून द्या, सर. साहेबांच्या नावानिशी. खाली तुमची सही करा. लेकीला सासरी आजून बी पेपरफोड्याची पोर म्हणतेत. नातवंडं मोठी झाली. तिला दाखवायला व्हईल."

माझ्या खिशाला पेन होतं. मी म्हणालो, "इथं गडबडीत नको, अक्षर नीट येणार नाही. घरी लिहून आणतो."

"व्हय, निवांत लिवा," ते म्हणाले, आणि शेंगांची पिशवी भरून दिली.

घरी मी तो मजकूर तीनदा लिहिला. सगळं सरळ उतरतं. सहीपाशी आलो की हात थांबतो. माझी सून त्याच संस्थेत शिकवते. साहेबांचा तोच मुलगा आता अध्यक्ष आहे, आणि ती अजून कायम झालेली नाही. हे कारण खरं आहे. पण सून नोकरीला लागायच्या आधीही माझ्याकडे कारणं होतीच. मी भित्रा माणूस आहे, दुसरं काही नाही. आता ही हकीकत लिहिली, तर यातसुद्धा कुणाचं नाव नाही, माझंही नाही.

परवा मामांच्या लेकीचा फोन आला. आबांनी अंथरूण धरलंय, म्हणाली. मग विचारलं, "सर, ते लिहून झालं का?"

मी म्हणालो, "होत आलंय."