पाचव्या डब्याचं झाकण

तुम्ही तो शो पाहिलाय म्हणता ना? 'यान'च्या दुसऱ्या भागाचा, पहिल्या दिवसाचा, दुपारी तीनचा? मग सांगा बरं, बसला कुठे होतात? कारण त्या थिएटरात खुर्च्या होत्या सातशे वीस, त्यातल्या अकरा मोडक्या. आणि "मी होतो तिथे" असं छाती ठोकून सांगणारे आजवर जेवढे भेटलेत, ते सगळे खरं बोलत असतील तर त्या दुपारी एकेका खुर्चीत सहा-सहा जण एकमेकांच्या मांडीवर बसले असले पाहिजेत.

एक माणूस मात्र तिथे नक्की होता. तो खुर्चीत नव्हता. मागच्या भिंतीत वर दोन चौकोनी भोकं होती, त्यांच्यामागे, दोन तापलेल्या मशिनींच्या मधोमध तो उभा होता. ऑपरेटर. बायकोच्या माहेरची माणसंसुद्धा त्याला ऑपरेटरच म्हणतात. थिएटर बंद होऊन बारा वर्षं झाली, तिथे आता फरशांचं दुकान आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

'यान' म्हणजे पाच सिनेमे. घरी परतायची वाट चुकलेलं एक अंतराळयान आणि त्यातली सात माणसं. ऑपरेटरने पाचही भाग मिळून चारशेच्या वर वेळा चालवले. बोलपट त्याला तोंडपाठ, आवाज बंद करून चालवला तरी कोण काय बोलतंय ते सांगेल. म्हणूनच भक्तमंडळींच्या गप्पा ऐकल्या की त्याच्या कपाळाची शीर उठते. कप्तानाचं शिरस्त्राण म्हणे लाल होतं. कसलं लाल! पांढरं होतं. लाल होतं ते थिएटरबाहेरच्या बोर्डावर, कारण पेंटरकडचा पांढरा रंग संपला होता. यंत्रमानवाला म्हणे डावा हात नव्हता. नव्हता तो उजवा. आणि ते वाक्य, जे लोक शर्टाच्या पाठीवर छापून मिरवतात, "घराला दार नसतं, फक्त दिशा असते", ते पाचही भागांत कोणीच बोलत नाही. कोणीही नाही. पण हे सांगायला गेलात तर समोरचा तुमच्याकडे असा बघतो, जणू तुम्ही त्याच्या आईबद्दल काही बोललात.

या सगळ्या थापांचा राजा म्हणजे दोनदा मेलेली डॉक्टरीण.

यानात एक म्हातारी डॉक्टरीण असते. दुसऱ्या भागात ती बाहेरून झडप बंद करायला जाते आणि मरते, मग बाकीचे तिची रिकामी खुर्ची बघत शोक करतात. सरळ गोष्ट आहे. पण त्या तीनच्या शोमध्ये लोकांना आधी शोक दिसला, रिकामी खुर्ची दिसली, आणि वीस मिनिटांनी डॉक्टरीण हसत-खेळत चहा पीत आली आणि मग मेली. जगात कुठेच असं दाखवलं गेलं नाही, फक्त याच थिएटरात. मग काय विचारता! काळ गोल असतो असं दिग्दर्शकाला म्हणायचं होतं. मूळ प्रत ती हीच, बाकी जगाला छाटलेली मिळाली. गावातल्याच दुसऱ्या थिएटरात त्याच दिवशी, त्याच प्रतीवर सिनेमा सरळ क्रमाने चालला होता, हे सांगितलं तर उत्तर तयार: "तिथे दाबलं गेलं."

खरं काय झालं ते ऑपरेटरला ठाऊक होतं. त्या एकट्याला.

तेव्हा प्रत एक आणि थिएटरं दोन. तिकडे एक रीळ संपलं की पत्र्याच्या डब्यात घालून सायकलवरून इकडे यायचं. ते आणायचं काम ऑपरेटरच्या मेहुण्याचं, बायकोच्या धाकट्या भावाचं. त्याला सगळे पायडल म्हणत. अकरा मिनिटांत डबे पोचवायचा पठ्ठ्या, घामाने निथळत, पण डबा कधी वाकडा झाला नाही. त्या दिवशी त्याने पाचवा आणि सहावा डबा एकदम आणला. तिकडचा ऑपरेटर रिळं धूळभरली पाठवतो म्हणून आपल्या ऑपरेटरने दोन्ही उघडले, दोन्ही रिळं पुसली, जोड तपासले आणि परत डब्यात ठेवली, कारण उघडं रीळ केबिनमध्ये ठेवायचं नाही असा नियम. आकडा खडूने झाकणावर लिहायची पद्धत होती. डब्यावर नाही, झाकणावर. त्याने पाचवं झाकण सहाव्या डब्यावर बसवलं. तरी रिळाच्या तोंडाच्या पट्टीवर आकडा असतोच. तो वाचायचा असतो. त्याने वाचला नाही, कारण झाकणं त्याने स्वतःच्या हाताने बसवली होती, आणि स्वतःच्या हातावर त्याचा भलताच भरवसा.

भक्त सांगतात, मेलेली डॉक्टरीण परत आली तेव्हा टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता पसरली. शांतता! निम्मं थिएटर शिट्ट्या मारत होतं, उरलेलं ऑपरेटरच्या आईची आठवण काढत होतं. मालक धापा टाकत जिना चढून आला.

"कोणी केलं हे?"

पायडल सातवा डबा काखेत धरून दारात उभा होता. मालकाने त्याच्याकडे पाहिलं. "वळणावर खणून ठेवलंय तिथे पडलास ना? झाकणं उडाली आणि बसवलीस कशीही! खरं बोल!"

पायडलने ऑपरेटरकडे पाहिलं. ऑपरेटरने भिंतीतल्या भोकाकडे पाहिलं. बस, एवढंच. आपण एक शब्दही खोटा बोललो नाही, असं स्वतःशी म्हणत ऑपरेटरने चौतीस वर्षं काढली. पायडलला त्याच दिवशी काढलं.

आणि आता नीट ऐका, कारण यापुढचं भक्तांच्या थापांपेक्षा भयंकर आहे. पायडलला ते पडणं हळूहळू आठवायला लागलं. पहिल्या वर्षी "पडलो असेन" म्हणायचा. पाचव्या वर्षी "पडलोच". पुढे तर कुठल्या खड्ड्यात, कुठल्या कुशीवर, कुठला गुडघा फुटला, सगळं. त्याने सायकल दुरुस्तीचं दुकान टाकलं, चाललंही बरं. पण गिऱ्हाइकाने कॅरिअरवर काही बांधून मागितलं की म्हणायचा, "ते तुम्हीच बांधा, साहेब. माझ्या गाठीचा भरवसा नाही."

हे सगळं असंच कुजत पडलं असतं. पण एक दिवस 'यान' मंडळाचा अध्यक्ष ऑपरेटरच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. धंद्याने विमा एजंट, मंडळात नाव विश्वकोश. बगलेत फाइल.

"काका, पुस्तक काढतोय आम्ही. तुमची एक सही हवी. मूळ प्रत दिग्दर्शकाच्या क्रमाने तुम्ही चालवलीत, एवढंच. रविवारी मेळावा आहे, मानपत्रही देऊ."

"दिग्दर्शकाचा कसला क्रम, अरे!" ऑपरेटरला राहवलं नाही. "माझ्या हातून झाकणं बदलली गेली. गाढवपणा होता तो."

विश्वकोश मनापासून हसला. "काय विनोदी आहात हो काका तुम्ही!" आणि फाइल ठेवून गेला.

ओट्यापाशी बायको उभी होती. तिच्या कढईतली फोडणी करपून गेली.

"कोणाच्या हातून म्हणालात?"

"...माझ्या."

"आणि माझा भाऊ?"

ऑपरेटर टेबलावरचं प्लॅस्टिक नखाने खरवडत बसला.

"चौतीस वर्षं त्याच्या घरी जाऊन बसता. तो म्हणतो, 'मीच पडलो, दाजी.' आणि तुम्ही म्हणता, 'जाऊ दे रे, होतं असं!' वरून माफ करता त्याला? मोठ्या मनाने? लाज कुठे ठेवून आलात?"

"बोललो असतो तर माझी नोकरी गेली असती."

"मग त्याची गेली! त्याची काय झाडाला लागली होती?" तिने कढई सिंकमध्ये आदळली. "रविवारी त्या येड्यांच्या मेळाव्यात सांगायचं. सगळ्यांसमोर. मी त्याला घेऊन येते. घरात कानात कुजबुजाल आणि दुसऱ्या दिवशी फिरवाल, मी ओळखून आहे तुम्हाला."

रविवारी सकाळी अकराला वाचनालयाच्या हॉलमध्ये दीडशे माणसं जमली. चाळिशी-पन्नाशीची, पोटं सुटलेली, पाठीवर ते न बोललेलं वाक्य. एक दातांची डॉक्टर लाल शिरस्त्राण घालून आली होती. प्रश्नमंजूषा झाली. 'यंत्रमानवाचा कोणता हात नव्हता?' याला 'उजवा' म्हणणाऱ्या बिचाऱ्याला बाद केलं. ऑपरेटर पहिल्या रांगेत बसून दात खात होता. मागच्या रांगेत बायको आणि तिच्या शेजारी पायडल, इस्त्रीच्या शर्टात, दाजींचं कौतुक होणार म्हणून खूश.

मानपत्र आणि माइक ऑपरेटरच्या हातात आले. त्याने मानपत्र टेबलावर पालथं ठेवलं.

"डॉक्टरीण दोनदा मेली नाही," तो म्हणाला. "पाचव्या आणि सहाव्या डब्याची झाकणं बदलली. मी बदलली. माझ्या मेहुण्याने नाही. तो पडला नव्हता. मालकाने त्याला काढलं आणि मी तोंड शिवून उभा राहिलो."

हशा पिकला. मग कोणीतरी टाळी वाजवली. मग गोंगाट.

"काका, वय झालं की गोष्टी अशा मिसळतात," विश्वकोश गोड आवाजात म्हणाला.

"तू होतास का रे तिथे?"

"बारा वर्षांचा होतो. स्पष्ट आठवतंय!"

"यांना कंपनीने गप्प केलंय!" लाल शिरस्त्राण ओरडलं. "दरवेळी हेच करतात!"

जो माणूस मशीन चालवत होता, त्याला मशिनीत काय होतं ते सांगायला विमा एजंट आणि दातांची डॉक्टर. याला म्हणतात भक्ती! पण ऑपरेटर त्यांच्याकडे बघतच नव्हता. मागच्या रांगेतून पायडल उठला होता.

"दाजी, काय बोलताय हे? मी पडलो होतो. गुडघा फुटला होता माझा."

"नाही फुटला."

"फुटला! मला आठवतंय, दाजी!"

"त्या वळणावर गुडघाभर चिखल होता, पायडल. तू केबिनच्या दारात उभा होतास तेव्हा तुझी पँट बघितली मी. पांढरी पँट. एक शिंतोडा नव्हता. म्हणून तर मला तेव्हाच कळलं. आणि तरी मी बोललो नाही."

हॉलमध्ये कोणीतरी म्हणालं, "हा कोण आता?" पायडलने पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली. मग स्वतःच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"म्हणजे डबे मी नीट आणले होते?"

"नीट. नेहमीसारखे."

"आणि तुम्ही दर सणासुदीला माझ्या ताटाशेजारी बसून जेवत होतात."

एवढं बोलून तो गेला. ऑपरेटरची बायको त्याच्यामागून गेली. मंडळाने पुढचा कार्यक्रम सुरू केला.

तुम्हाला वाटेल, सत्य बाहेर आलं, सुटला माणूस. छे! दोन महिन्यांनी पुस्तक आलं. तीनशे प्रती, गुळगुळीत कागद, पान एकेचाळीसवर ऑपरेटरचा फोटो. खाली छापलंय: 'मूळ क्रम जपणारे तंत्रज्ञ. अत्यंत विनम्र असल्याने ते याचं श्रेय नाकारतात.' त्याखाली बारीक अक्षरात: 'सायकलवरून डबे पडून अदलाबदल झाली, अशीही एक वदंता आहे.'

ऑपरेटर पुस्तक घेऊन विश्वकोशच्या ऑफिसात थडकला. "मी काय बोललो आणि तुम्ही काय छापलंत?"

"काका, आम्ही दोन्ही बाजू दिल्यात."

"तिसरी बाजू माझी होती! खरी!"

"तिला पुरावा काय?"

पुरावा! पाठीवर न बोललेलं वाक्य मिरवणारी माणसं पुरावा मागतात.

तिथून तो थेट सायकलच्या दुकानात गेला. मेळाव्यानंतर पायडल त्याच्याशी बोलला नव्हता. त्या दिवशी बोलला. पुस्तक त्यालाही कोणीतरी आणून दिलं होतं. चाकातला स्पोक सरळ करता करता त्याने मान वर न करता विचारलं, "छापलंय म्हणजे पडलोच असेन ना, दाजी?"

ऑपरेटर खाली फरशीवर बसला. म्हणाला, "नाही." पायडलने परत विचारलं. तो परत म्हणाला, "नाही." दुसऱ्या दिवशीही गेला, तिसऱ्या दिवशीही. माफी अजून मिळालेली नाही, आणि मिळावी असं त्याने काही केलेलंही नाही. पण आता तो खिशात काळं पेन घेऊन हिंडतो. पुस्तकाच्या दुकानात, वाचनालयात, दवाखान्याच्या बाकावर, जिथे ते पुस्तक सापडेल तिथे एकेचाळिसावं पान उघडतो आणि ती बारीक ओळ खोडतो. दोनदा हाकलून दिलंय त्याला. सत्तावीस प्रती झाल्यात. उरलेल्या भक्तांच्या कपाटांत आहेत, आणि तिथे त्याला कोणी पाऊल ठेवू देत नाही.

तुमच्या कपाटात एक असेल. तुमचं लाल शिरस्त्राण आणि गोल काळ खुशाल जपा, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. पण आत्ता उठा, पुस्तक काढा, पान एकेचाळीस, शेवटची ओळ खोडा आणि समासात तुमच्या हाताने लिहा: 'सायकलवाला पडला नव्हता. डबे नीट आले होते.'